पाय कोंबड्यांचे, बोल मला

मी पेंड बोलतेय. कनोलाची पेंड. तेल नव्हे. तेलाचं कौतुक करायला सगळी दुनिया आहे. माझं कुणी ऐकेल अशी आशा मी कधीच सोडली, पण आज बोलल्याशिवाय राहवत नाही.

कॅनडातल्या मॅनिटोबात जुलै महिन्यात आमची शेतं पिवळीजर्द होतात. लोक रस्त्याकडेला गाड्या थांबवून फोटो काढतात. फुलांचा फोटो निघतो, पुढे तेलाची बाटली निघते. पेंडेचा फोटो कुणी काढल्याचं मला तरी आठवत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. मोहरीच्या भावकीतलं काळं, बारीक बी. त्याला आधी चेपलं, मग धुऊन धुऊन शेवटचा थेंबही काढून घेतला. उरले ती मी. मला मोठ्या भांड्यात वाफेवर शेकलं. जास्त शेकलं असतं तर माझ्यातलं सत्त्व करपलं असतं, कमी शेकलं असतं तर मी कच्ची राहिले असते. त्या दिवशी भांड्यापाशी उभा असलेला माणूस भानावर होता, एवढं माझं नशीब चांगलं. पुढचं सांगते.

माझ्या आजीच्या अंगात कडू होतं. जनावरांनी खाल्लं तर त्यांचे गळे सुजायचे. मग शहाण्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून आमच्या बियाण्यातलं ते कडू जवळजवळ घालवलं. मी कनोला झाले, माझं नाव बदललं. पण लोकांच्या तोंडात अजून आजीचीच चव आहे. कुठेही गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "ही कडू असते ना?"

मी आले ती हटराईट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या एका वसाहतीत. खरं म्हणजे परत आले. बी यांच्याच शेतातलं होतं. इथे शेत, गुरं, कोंबड्या, जेवणाचं टेबल, सगळं सगळ्यांचं. कामंसुद्धा बांधवांनी, म्हणजे वसाहतीतल्या पुरुषांनी, मतं देऊन वाटलेली. कोंबड्यांचा कारभार डारियुसकाकांकडे, सव्वीस वर्षं. खाद्याची गिरणी एलियासकडे, दोन वर्षं.

एलियास चौतिशीतला, बोलायला हळू, डोक्याने वेगवान. मला आणायचं त्याच्याच मनात आलं. सोयाबीनची पेंड सरहद्दीपलीकडून येते, आणि आपल्याच शेताची पेंड आपण दुसऱ्यांना देऊन टाकतो, हे त्याला खटकत होतं. मी आले त्या दिवशी त्याने चिमूटभर उचलून मला तोंडात टाकलं आणि चावून पाहिलं.

"बघा काका. कडू नाही."

डारियुसकाकांनी दाढीतून बोटं फिरवली. "तू काय, तू बायकोच्या हातचं सूपही मुकाट खातोस. तुझ्या जिभेवर कोण भरवसा ठेवणार? हे गाईंचं खाणं आहे रे बाबा. माझ्या कोंबड्यांना कशाला?"

"खातील काका. पण बेताने द्यायची. पिल्लांना अगदी थोडी. मोठ्या झाल्या की जास्त. सोया काढली आणि तेवढीच ही घातली, असं नाही चालत. हिच्यात कोंडा जास्त, ताकद कमी. ती दुसरीकडून भरून काढावी लागते."

"आमच्या वेळी कोंबडी मिळेल ते खायची आणि चालायची."

"तुमच्या वेळची कोंबडी तीन महिने जगायची काका. हिला पाच आठवड्यांत तेवढं वजन धरायचं असतं. पाय कच्चे आणि अंग जड."

एलियासने गिरणीच्या दारावर आतून खडूने तक्ता लिहिला. पहिल्या दहा दिवसांत किती, पुढे किती, शेवटी किती. माझ्याकडे आयुष्यात कुणी इतकं नीट लक्ष दिलं नव्हतं. बांधवांच्या सभेने कोंबड्यांची एक खेप करून बघायला हरकत नाही म्हटलं.

पहिली खेप उत्तम गेली. कोंबड्या वजनाला भरल्या, पायांवर तुरुतुरु पळाल्या. श्रेय कुणाला मिळालं म्हणता? हवेला. "यंदा हवा चांगली होती," असं वसाहतीचे कारभारी म्हणाले आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मला सवय आहे. त्या खेपेचं शेवटच्या दिवसांतलं उरलेलं खाद्य, ज्यात मी भरपूर होते, मोठ्या कोठीत तसंच राहिलं. पुढच्या खेपेच्या अखेरीला उपयोगी पडेल म्हणून एलियासने ते ठेवलं. शेजारच्या छोट्या कोठीत पिल्लांचं खाद्य.

पुढची बारा हजार पिल्लं आली. सहा दिवसांची झाली आणि शनिवारी दुपारी एलियासचे वडील गेले.

त्याचे वडील, पाउलआजोबा, वसाहतीचे गवंडी होते. वसाहतीतलं प्रत्येक घर त्यांच्या हातचं. बातमी गेली तशा दुसऱ्या वसाहतींमधून बस भरभरून माणसं यायला लागली. शव मोठ्या खोलीत ठेवलं. माणसं भोवती बाकांवर बसली आणि भजनं सुरू झाली. मंगळवारी माती द्यायची ठरली. तोवर वसाहतीतलं कुठलंच काम हलत नाही, जनावरांना घास घालण्यापुरतंच काय ते. त्यात मधला दिवस रविवार. रविवारी गिरणीचं चाक फिरवणं म्हणजे पाप.

आणि पिल्लांचं खाद्य दळायचं होतं शनिवारी संध्याकाळी.

एलियास बापाच्या उशाशी बसला होता. त्याच्या कोटाच्या शिवणींत मी नेहमीच भरलेली असते, कितीही झटकला तरी. म्हणून मी तिथे होते, आणि म्हणूनच सांगू शकते. रविवारी सकाळी डारियुसकाका आत आले तसा एलियास त्यांच्याकडे वाकून हळूच म्हणाला, "काका, पिल्लांची कोठी आज संपेल. मी उठतो. देव क्षमा करील."

डारियुसकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून परत खाली बसवलं.

"पिल्लांचं माझ्यावर सोड. बाप एकदाच जातो. तू बस त्याच्याजवळ."

एलियासच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तो हात दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, काका दुसऱ्या वसाहतीतून चार पोती उसनी आणतील. पाहुणे तर बसने येतच होते, एक शब्द टाकला असता तरी पुरे होतं. पण शोकाच्या घरी पाहुण्याकडे कोंबडीचं खाद्य कोण मागणार? आपली कोठी रिकामी आहे हे चारचौघांत कोण सांगणार? काका शेडवर गेले, छोटी कोठी ठोकून पाहिली. रिकामी. मग मोठ्या कोठीची झडप ओढली आणि नळी पिल्लांच्या शेडकडे वळवली.

"पोट भरल्याशी कारण," ते स्वतःशीच म्हणाले. "एक दिवसाने काय होतंय."

मी त्या नळीतून गेले. ओरडता आलं असतं तर ओरडले असते. आठवड्याच्या पिल्लाला हाडं धरायला चुना लागतो, मांस धरायला सोयाचा घास लागतो. मोठ्या कोंबडीचं खाद्य त्याला पुरं पडत नाही. मी त्यांच्यासाठी नव्हतेच, निदान इतकी नव्हते. पण पिल्लं बिचारी भुकेली. त्यांनी चोची मारल्या आणि पोटभर खाल्लं. एक दिवस नाही, रविवार, सोमवार, मंगळवार आणि बुधवारची सकाळ.

बुधवारी एलियास गिरणीवर आला. डोळे सुजलेले होते. त्याने पिल्लांचं खाद्य दळलं, कोठी भरली आणि विचारलं, "इतके दिवस पुरलं कसं काका?"

"पुरलं कसंबसं," काका म्हणाले. "पिल्लं किती खाणार ती!"

एवढंच. खरं सांगायचं तर डारियुसकाका वाईट माणूस नाहीत, हेच तर वाईट आहे. त्या घडीला "मोठ्या कोठीचं दिलं" एवढं म्हणायला त्यांना काहीच जड गेलं नसतं. एलियासने लगेच काही उपायही केला असता. पण दुःखात असलेल्या पोराला कशाला सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं असेल. पुढे पुढे ते सांगणं अवघड होत गेलं.

तिसऱ्या आठवड्यात कोंबड्या बसायला लागल्या. आधी वीस, मग दोनशे. अंग वाढत होतं, पाय फाकत होते. पाण्याची नळी हातभर अंतरावर, पण तिथवर जायचं त्राण नाही. पंखांवर सरपटत जायच्या आणि मध्येच थांबायच्या. डारियुसकाका रोज सकाळी शेडमध्ये शिरायचे आणि मेलेल्या, पांगळ्या उचलून बाहेर आणायचे. एकदा मी त्यांना एक कोंबडी छातीशी धरून उभं राहिलेलं पाहिलं. तेव्हाच त्यांना कळलं होतं, माझी खात्री आहे. पण बाहेर येऊन ते कारभाऱ्यांना म्हणाले, "ती नवी पेंड. मी आधीच सांगत होतो."

झालं! सगळ्यांच्या जिभेवर आजीचं कडू परत आलं. "कडूच असते ती." "गाईंचं खाणं कोंबड्यांना कशाला घालायचं?" पहिल्या खेपेला हवा चांगली होती, या खेपेला पेंड वाईट.

एलियास गिरणीत गेला. दारावरचा तक्ता पुन्हा पुन्हा वाचला. आकडे बरोबर होते. मग तो मोठ्या कोठीपाशी गेला आणि बोटांच्या पेरांनी पत्रा ठोकत खालून वर गेला. कमरेच्या वर आवाज पोकळ. डोक्यापर्यंत भरलेली कोठी कमरेवर आली होती, आणि ते खायला दुसऱ्या शेडमध्ये तर एकही कोंबडी नव्हती. त्याने पत्र्याला कपाळ टेकलं.

संध्याकाळी तो डारियुसकाकांना शेडच्या दारात भेटला.

"काका, त्या चार दिवसांत पिल्लांना मोठ्या कोठीतलं दिलंत का?"

"कुठले चार दिवस?"

"वडील गेले तेव्हाचे."

काका त्याच्याकडे न बघता दाराची कडी पुसत राहिले. "सव्वीस वर्षं कोंबड्या राखल्यात मी. आता या वयात मला उभं करणार का तू सगळ्यांसमोर?"

घरी त्याच्या बायकोने, सान्नाने, विचारलं तेव्हा एलियासने तिला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. मळता मळता थांबली.

"मग बोल ना उद्या सभेत! तोंड शिवलंय का कुणी?"

"स्वतःला वाचवायला म्हाताऱ्या माणसाला पाडलं म्हणतील."

"आणि खरं काय ते?"

"खरं बोलणं आणि स्वतःसाठी बोलणं, यातला फरक इथे कोण बघतो, सान्ना? आणि मला बापाजवळ बसवलं ते त्यांनीच."

तिने कणकेचा गोळा ताटलीत आपटला. बाईला सभेत जागा नाही. नाहीतर त्या दिवशी माझी सुटका झाली असती.

सभेला बांधव वयाप्रमाणे बसले, पुढे पांढऱ्या दाढ्या, मागे काळ्या. डारियुसकाका पहिल्या बाकावर. धर्मोपदेशक योर्गकाका म्हणाले, "एलियास, तुझं काही म्हणणं?"

मी त्याच्या कोटाच्या शिवणीत होते. बोल रे, बोल, एकच वाक्य. कोठी ठोकून बघा म्हण. तेवढंही पुरे आहे.

त्याने डारियुसकाकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे बघत होते.

"मी बांधवांच्या पुढे धावलो," एलियास म्हणाला. "मला माझ्या अकलेचा ताठा झाला. क्षमा करा." आणि तो गुडघ्यांवर बसला.

त्या सभागृहात त्या दिवशी सगळे समाधानाने उठले. नम्रपणाने चूक कबूल केली म्हणून त्याचं कौतुकही झालं. न केलेल्या चुकीची कबुली! दोन आठवडे त्याने दाराजवळच्या बाकावर एकट्याने बसायचं, वेगळ्या टेबलावर जेवायचं, कुणी त्याच्याशी हात मिळवायचा नाही. गिरणी त्याच्याकडून काढली आणि डुकरांच्या गोठ्यातली सफाई दिली. दारावरचा खडूचा तक्ता नव्या माणसाने ओल्या फडक्याने पुसला. सोयाबीन परत आली. उरलेली मी गाईंना घालून कोठी रिकामी करायची, आणि ते कामही एलियासनेच करायचं, असं ठरलं.

आज ते काम चाललंय. तो गाईंच्या गोठ्याच्या तोंडाशी फावड्याने मला गव्हाणीत ओढतोय. शिक्षेचे दोन आठवडे कालच संपले. मघाशी डारियुसकाका आले, इकडेतिकडे कुणी नाहीसं बघून जवळ सरकले.

"एलियास."

"हं, काका."

"बापाजवळ बसायला मिळालं ना तुला? तीन दिवस?"

एलियासचं फावडं थांबलं. "मिळालं."

"मग झालं तर," काका म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच खांद्यावर, तोच हात. आणि ते गेले.

वाचणाऱ्यांनो, मला तुमच्याकडून फार काही नको. गाई मला आवडीने खातील, दूध वाढेल आणि तुम्ही म्हणाल गाई चांगल्या आहेत. म्हणा. पण पुढे कधी तुमच्या घरात, तुमच्या सभेत एखादं जनावर पांगळं झालं, आणि समोर कुणी गप्प उभा राहिला, तर त्याचं गप्प राहणं म्हणजे कबुली समजू नका. उठा आणि एकदा कोठी ठोकून बघा. इथे साठ बांधव होते. पत्र्याला बोट लावायला एकही उठला नाही.

एलियास अजून उभा आहे. आता त्याने फावडं भिंतीला टेकवलंय. खाली वाकून त्याने मला चिमूटभर उचललं, तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं, पहिल्या दिवशी चावलं होतं तसं.

"कडू नाही," तो म्हणाला.

ऐकायला गाईच होत्या.