मी दाखवलेला आकडा

मी बीपी मोजायची पट्टी बोलतेय. माझ्यावर कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगते. दमलेय आता.

इंडोनेशियाच्या जावा बेटावरच्या या गावात बारा वर्षं दंडांना आवळून राहिले. माझी मालकीण मुर्तिनी, गावच्या बायकांचं वजन-बीपी बघणारी. तिची थोरली बहीण पोनियेम भातशेतीत राबायची. तिच्या मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली, फुप्फुसापर्यंत पसरलेली. शहरातल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या.

"गाठ हावरी असते," त्या म्हणाल्या. "चोरून पाट वळवावा तशी नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढते. ही गोळी नवे पाट फुटू देत नाही, गाठ उपाशी पडते. पण बीपी चढतं. आठवड्यातून दोनदा मोजा, लिहून आणा."

गोळी लागू पडली. गाठ आक्रसली, पोनियेम पुन्हा टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळायला उभी राहिली. आणि मी एकशे सत्तर दाखवलं.

"ही पट्टी म्हातारी झालीय, काहीही बरळते," मुर्तिनी म्हणाली. मला पुन्हा फुगवलं. एकशे ऐंशी.

आमच्याकडे वाईट गोष्ट तोंडावर सांगत नाहीत. मुर्तिनीनं वहीलाही सांगितली नाही. आकडा बघून गोळी बंद करतील, गाठ परत पोसेल, हे तिचं भय. दोन महिने तिनं एकशे तीसच लिहिलं.

पोनियेमचं डोकं ठणकायचं. अंगात वारा भरलाय म्हणून शेजारणीनं नाण्यानं पाठ खरवडली. लाल रेघा उठल्या. "बघ ताई, केवढा वारा निघाला." वारा कसला, कपाळ! माझा आकडा तेवढाच.

एका सकाळी ती चुलीपुढे कोसळली. मेंदूत रक्तस्राव. मुर्तिनीनं मला इस्पितळात नेलं, माझा दोष दाखवायला. डॉक्टरबाईंनी पोनियेमच्या दंडाला आधी मला बांधलं, मग स्वतःची पट्टी. दोघींचा आकडा एकच.

"कळवलं असतं तर बीपीची एक गोळी जोडून भागलं असतं," त्या म्हणाल्या. "आता गाठीची गोळी बंदच करावी लागेल."

गाठीला आता पाट मोकळे. मी फडताळात पडलेय, मुर्तिनी मला शिवत नाही. बायांनो, आकडा आवडला नाही तरी खरा लिहा.

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, वही कुणी लिहिली. आमच्याकडे तोंडावर सांगत नाहीत. पोनियेमनं सांगितलं. तोंड वाकडं झालेलं, तरी नाव स्वच्छ निघालं: मुर्तिनी.