गांधीबागेतल्या संगणकाचं भूत

गांधीबागेतल्या विणकर सोसायटीबाहेर दोनशे माणसं चपला काढून उभी होती. आत ईश्वरदास महाराज संगणकावरून लिंबू उतरवत होते. साल १९८९. सोसायटीत संगणक नवा, तेव्हा भूतही त्याच दर्जाचं लागलेलं.

संगणक चालवणारी प्रेमलता कोपऱ्यात घामाघूम झाली होती. पाच वाजता सुताचं गोदाम बंद होणार. त्याआधी विणकरांची छापील यादी पोचली नाही, तर महिनाभर सूत नाही. आणि यंत्र एकच रडगाणं गात होतं: डिस्कवर जागा नाही.

"प्रेमा वं," पायरीवरून विणकर अंजनाबाई ओरडल्या, "चार दिवस माग बंद आहे! पोरायले काय चावायले देऊ, मागाची फणी?"

महाराज गरजले, "दिवाळीत मेकॅनिक रुपरावनं यंत्र चालवणारा नवा डॉस भरला. जुन्याची तेरवी केली कोनं? त्याचा आत्मा आत बसून राहिला! डोळे मिटा सारे. उघडले तं नावं पुसली जातीन!"

अध्यक्ष बाबनरावांनी सर्वांत आधी मिटले. रुपराव यंत्राला मंत्र देऊ लागला; मंत्र बोटांनी द्यायचा होता. छपाई सुरू झाली. जयजयकार! यादी अर्ध्यावर अडली: पुन्हा जागा नाही.

"आत्मा चिवट आहे," महाराज म्हणाले. "मंगळवारी मोठं अनुष्ठान."

"गोदाम पाचले बंद होते, महाराज!" प्रेमलताचा आवाज फाटला. साडेचार झाले होते.

मागच्या दोन महिन्यांच्या पूजांत तिनंही डोळे मिटले होते. आज मात्र पूजेआधी तिनं डिस्कवरच्या फायलींची यादी छापून ठेवली होती. आता दुसरी छापून शेजारी ठेवली. जुन्या डॉसच्या प्रती नऊ कप्प्यांत होत्या; त्यांतला एक कप्पा आता गायब.

"रुपरावभाऊ, हा भुतानं नेला का तुम्ही?"

रुपराव लिंबाकडे पाहू लागला. नवा डॉस भरताना जुन्याच्या प्रती त्यानंच आत सोडल्या होत्या. दर महिन्याला एक पुसायची, बाकीच्या पुढच्या पूजांच्या दक्षिणेसाठी ठेवायच्या.

"हात नको लावू, पोरी! नावं गेली तं?" बाबनराव म्हणाले.

तिनं नावं आधी फ्लॉपीवर उतरवली, उघडून तपासली आणि मग आठही कप्पे पुसले. सगळ्यांसमोर. मंत्राविना. यादी शेवटपर्यंत छापली गेली.

पाचला सात मिनिटं कमी असताना बाबनराव यादी घेऊन स्वतः सायकलवर बसले. ते पोचले तेव्हा गोदामाचं शटर अर्धं खाली आलं होतं. सूत मिळालं.

अंजनाबाई प्रेमलताच्या पायांशी वाकल्या. तिनं पाय मागे घेतले.

"पाया नका पडू, काकू. कालचं निर्माल्य काढल्याबिगर आपण आजचं फूल वाहतो का? हेही तेवढंच आहे. इथं बसा, कसं पुसतात ते पाहून घ्या. नाही तं उद्या मी नसली, का पुन्हा लिंबू आणसान."