पुढचं वाक्य

आमच्या घरात वाक्यं मी सुरू करतो आणि संपवते माझी बायको. मी "आज ऑफिसात..." म्हटलं की ती म्हणते, "साहेब चिडले." मी "जरा ते..." म्हटलं की मीठ हातात येतं. मी आपला सावकाश माणूस. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढतो. जमिनीखालून कुठला पाइप कुठे गेलाय ते दाखवायचं काम. त्यात घाई केली तर गावभर खड्डे खणायची वेळ येते. बायको चष्म्याच्या दुकानात आहे. गिऱ्हाईक समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचताना जरा अडखळलं की हिला राहवत नाही, पुढचं अक्षर हीच सांगून मोकळी! एक आजोबा असा सगळा तक्ता 'वाचून' चष्म्याशिवाय घरी गेले आणि वाटेत एका खांबाची माफी मागून आले म्हणे. तेव्हापासून मालकांनी हिला फ्रेम दाखवायच्या काउंटरवर बसवलंय.

आणि अशा बाईला आमच्या नाटकमंडळींनी प्रॉम्प्टर केलं!

त्यांचाही इलाज नव्हता. जुना प्रॉम्प्टर बदली होऊन गेला आणि हिचं पाठांतर म्हणजे कमाल. दोनदा वाचलं की अख्खं नाटक तोंडपाठ. मी त्याच मंडळींत पडदा ओढतो, त्यामुळे विंगेत आम्ही दोघं शेजारी-शेजारी. ती स्टुलावर संहिता घेऊन, मी दोरी धरून.

आता खरी गोष्ट. नाटकातली मुख्य भूमिका होती ताईची, म्हणजे माझ्या मेहुणीची. ताई औषधांच्या दुकानात काम करते आणि स्टेजवर उभी राहिली की माणसं खोकायचं विसरतात. पण मागच्या नाटकात, भर प्रयोगात तिला पुढचं आठवेना. नुसती उभी राहिली. शेवटी दिग्दर्शकांनी समोरच्या विंगेतून हात खाली केला आणि मी पडदा पाडला. त्यानंतर ताई थिएटरकडे फिरकलीसुद्धा नाही. कुणी विषय काढला की दुकानातली कपाटं पुसायला लागायची. हिने तिच्या मागे लागून लागून, अक्षरशः डोकं खाऊन, तिला या नाटकात आणलं. ताईने एकच सांगितलं, "या वेळी अडकले तर विषय संपला. पुन्हा मला कुणी बोलवायचं नाही. तूसुद्धा नाही."

नाटकाचा सगळा जीव एका जागेत होता. घर सोडून गेलेली मुलगी कित्येक वर्षांनी परत येते. बाप दारात उभा राहून विचारतो, "का आलीस?" त्यावर ती बराच वेळ काही बोलत नाही. आणि मग म्हणते, "भूक लागली म्हणून."

तो जो मधला वेळ आहे ना, तेच नाटक! आणि आमची ही तो प्रत्येक तालमीत खायची. बाप विचारायचा, "का आलीस?" ताई गप्प व्हायची आणि विंगेतून आवाज यायचा, "भूक लागली म्हणून!" तोही कसला, तिसऱ्या रांगेत ऐकू जाईल असा. एकदा तर बापाचं काम करणाऱ्या गृहस्थांनी विंगेकडे वळून, "बसा मग, वाढतो," असं म्हणून टाकलं. सगळे हसले. ताई हसली नाही. तिचा चेहरा पार उतरला.

"तुला वाटतं मी विसरले?" तिने विंगेत येऊन विचारलं.

"नाही गं, मला वाटलं..."

"तेच. तुला वाटतं. मग मलाही वाटायला लागतं."

दिग्दर्शकांनी हिला सरळ सांगितलं, "पुन्हा हे झालं तर संहिता माझ्या हातात द्यायची आणि घरी जायचं."

घरी आल्यावर हिने कंबर कसली. पहिला उपाय काय, तर समोरचा बोलत असताना तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचं! जेवताना मी सुरुवात केली, "आज एक माणूस नकाशा उलटा धरून..." ही गाल फुगवून बसलेली. "...मला म्हणतो, आमच्या भागात पाणी वर का चढत नाही?" झालं! सगळं पाणी माझ्या शर्टावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्या दिवसापासून मी जेवायला जुना शर्ट घालून बसायला लागलो.

पण मला एक दिसत होतं. तोंड बंद असलं तरी डोळे बोलत होते. मी बोलायच्या आधीच माझं वाक्य तिच्या डोळ्यांत संपलेलं असायचं. घोट गिळायची तेवढी वाट बघत बसायची.

मग एके दिवशी संध्याकाळी पाणी न घेताच ती माझ्यासमोर बसली. मी म्हणालो, "मला वाटतं, आपण आता..." आणि सवयीने थांबलो. ती काही बोलली नाही. मी वाट पाहिली. तीही वाट पाहत होती! माझी तर तारांबळ उडाली. इतक्या वर्षांत मनातलं वाक्य पूर्ण करायची वेळच आली नव्हती, त्यामुळे पुढे काय म्हणायचं याची मी तयारीच करत नसे. बसलो शोधत. शेवटी सापडलं.

"...आपण आता पुन्हा नदीवर फिरायला जायला हवं. लग्नाआधी जायचो तसं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला वाटलं, तुम्ही म्हणणार, आपण आता जेवूया."

"ते मी रोज म्हणतो?"

"नाही हो. रोज मीच म्हणते." तिचा आवाज जरा बसला. मग एकदम ताडकन उठली. "अहो, म्हणजे इतकी वर्षं मी तुमचं ऐकलंच नाही! माझंच ऐकत होते!"

आणि ती खूश झाली! रडेल असं मला वाटलं होतं, तर ही घरभर फिरायला लागली. एखाद्याला जुन्या घरात नवी खोली सापडावी तशी. शेजारच्या काकूंकडे गेली, त्यांना दुखण्याबद्दल विचारलं आणि पूर्ण ऐकून आली. "त्यांचा गुडघा दुखतच नाहीये हो, त्यांना एकटं वाटतंय!" दुकानातून आली की सांगायची, आज कोण काय म्हणालं आणि तिला आधी काय वाटलं होतं. दहातल्या आठ वेळा वेगळंच निघायचं. कधी कधी जीभ सुटायचीच. सुटली की स्वतःच्या मांडीवर चापट मारून म्हणायची, "सॉरी, पहिल्यापासून सांगा." मी पहिल्यापासून सांगायचो. मजा यायला लागली होती.

तालमीत तिने संहिता मिटून मांडीवर ठेवली. पाठ तर होतीच. आता ती पानाऐवजी ताईकडे बघायला लागली. त्या जागेला तोंड घट्ट मिटून, दोन्ही हातांनी स्टूल धरून बसायची. दिग्दर्शकांनी संहिता काही परत मागितली नाही.

प्रयोग दुपारचा होता. थिएटर भरलं. मी दोरीची गाठ पुन्हा पुन्हा तपासत होतो. ताई रंगभूषा करून आली, बहिणीकडे न बघता म्हणाली, "असशील ना?" ही म्हणाली, "इथेच आहे." बस, एवढंच. घंटा झाली आणि मी पडदा उघडला.

आणि काय सांगू, ताईने पहिल्याच प्रवेशात थिएटर मुठीत घेतलं! लोक हसायच्या जागी हसत होते, नको तिथे कुणी चुळबुळसुद्धा करत नव्हतं. मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. अशी ती जागा आली.

"का आलीस?" बापाने विचारलं.

ताई गप्प झाली. सगळं थिएटर गप्प झालं. वा, असं मी मनात म्हणालो. मग नेहमीचा वेळ संपला आणि ताई अजून गप्पच. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. ते डोळे मी ओळखत होतो. मागच्या वेळी पडदा पाडताना हेच डोळे बघितले होते. ती विसरली होती! बापाचं काम करणाऱ्या गृहस्थांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. समोरच्या विंगेत दिग्दर्शक आधी हिला खुणावत होते, दे, दे म्हणून, ही ढिम्म. मग त्यांनी माझ्याकडे बघून हात खाली केला.

मी, सावकाश माणूस, जन्मात कधी घाई न केलेला, त्या क्षणी मला धीर धरवेना. ताईची दुसऱ्यांदा शोभा होऊ नये एवढंच डोक्यात होतं. मी दोरीचा पीळ सोडवला.

तेवढ्यात माझ्या मनगटावर एक हात पडला. घट्ट. ही स्टुलावरून उठली होती. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. सगळं लक्ष ताईवर. ओठ मिटलेले होते. तेव्हाच ताईने मान वळवून विंगेकडे पाहिलं, बहिणीकडे. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ही सांगणार. नाही सांगितलं. तिने फक्त श्वास घेतला. ताईनेही घेतला.

मग ताई बापाकडे वळली आणि म्हणाली, "भूक लागली म्हणून."

पहिल्या रांगेतल्या एका बाईंचा हुंदका विंगेत ऐकू आला. टाळ्या तर शेवटी पडल्याच, पण त्या हुंदक्याची सर त्यांना नाही. मी पडदा पाडला तो योग्य वेळी, आणि पाडताना रडत होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

ताई धावत विंगेत आली आणि बहिणीला मिठी मारून गदागदा हलवायला लागली. "अगं, मी विसरले होते! साफ विसरले होते! तुझ्याकडे बघितलं तर तू गप्प. मी म्हटलं, ही आगाऊ बाई गप्प आहे म्हणजे नक्कीच माझा वेळ अजून संपलेला नाही. आणि आठवलं!"

"मला माहीत होतं तू विसरलीस," ही म्हणाली.

"मग दिलं का नाहीस?"

"ओठांवर होतं गं. पण तू शोधत होतीस. सापडत आलेलं दिसत होतं मला."

ताई डोळे पुसत म्हणाली, "पुढच्या नाटकाचं वाचन कधी आहे, विचारून ठेव." आणि चेहरा धुवायला पळाली.

आम्ही दोघं मागच्या दाराने बाहेर पडलो. अजून ऊन होतं. नदीचा रस्ता धरला. माझ्या मनगटावर तिची बोटं उमटली होती, लालसर. मी तिकडे बघत म्हणालो, "आज तू हात धरला नसतास, तर मी..." आणि मनगट चोळत राहिलो. पुढे शब्दच फुटेना.

ती चालता चालता थांबली. वाट पाहिली. मी मान हलवली, तरी वाट पाहिली. मग हळूच, अगदी घाबरत म्हणाली, "हे वाक्य मी पूर्ण करू?"

लग्नानंतर पहिल्यांदाच तिने विचारलं होतं. मी म्हणालो, "कर."