शिवेवरची आई

उज्वलाला जागेपणी स्वप्नं पाहायची खोड होती, आणि काम असं मिळालं होतं की ती खोड सुटायचं नावच घेईना. नाशिकचा गंगापूर रोड जिथे बंगले मागे टाकून द्राक्षबागांत शिरतो, तिथल्या एका लॉन्ड्रीत ती हॉटेलांच्या चादरी वाळत घालायची. पांढऱ्याशुभ्र, डबलबेडच्या, ओळीमागून ओळी. हिवाळ्यात सकाळी धरणाकडून धुकं यायचं, तेव्हा चादर कुठे संपते आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. मग उज्वला त्या चादरींचं घर करायची. ही स्वयंपाकघराची भिंत. ही लेकीच्या, साक्षीच्या, अभ्यासाची खोली. इथे खिडकी, आणि खिडकीत तुळस. चिमटे लावता लावता तिने आजवर किती खोल्या बांधल्या असतील, देव जाणे. बिल्डरांनाही हेवा वाटावा.

खरी खोली एकच होती, आणि तीही हातची जायची वेळ आली होती. कुंभमेळा जवळ येऊ लागला तसं नाशकातल्या घरमालकांना जिकडेतिकडे सोनं दिसायला लागलं होतं. उज्वलाच्या घरमालकाने भाडं एकदम वाढवलं आणि वर, "जमत नसेल तर संक्रांतीनंतर खोली मोकळी करा," असं हसतमुखाने सांगितलं. नवरा सुनील रंगकाम करायचा, पण काम मिळेल त्या दिवशी. खोली सुटली की मनमाडजवळच्या गावी सासूकडे जायचं आणि साक्षीची नववीची शाळा अर्ध्यात सोडायची, दुसरा मार्ग नव्हता. साक्षीने पुस्तकं खोक्यात भरायला घेतली होती. ते खोकं दिसलं की उज्वला नजर दुसरीकडे वळवायची.

अशात एके दिवशी इस्त्रीवरच्या पिंकीने मोबाइलवरची बातमी सगळ्यांना वाचून दाखवली. किमान पगार किती असावा याचा दर सरकार ठरवतं. महापालिकेच्या हद्दीत जास्त, हद्दीबाहेर कमी. शहर महाग, म्हणून.

"मग आपण कुठे बसतो?" उज्वलाने विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत बायांनी हाच प्रश्न मालकापुढे, जयरामशेठपुढे ठेवला. शेठ काही वाईट माणूस नव्हता. दिवाळीला साडी द्यायचा, आजारपणात रिक्षाने घरी पोचवायचा, फक्त पगाराचा विषय निघाला की त्याला नेमका कोणाचा तरी फोन यायचा. आज फोन आला नाही. त्याने फाटकाकडे बोट केलं. तिथे कडुलिंबाखाली शिवेवरची आई बसली होती. मूळचा तो हद्दीचा दगड. कधीतरी कोणीतरी त्याला शेंदूर लावला, आणि दगडाची देवी झाली.

"शीव आईपाशी," शेठ म्हणाला. "आईच्या पलीकडे शहर, अलीकडे आपण. तपासणीला साहेब येतात, त्यांनाही मी हेच दाखवतो. आणि खरं सांगू का? शहराचा रेट द्यायचा झाला, तर मी वाळवायचं मशीनच आणीन. मग निम्म्या बाया पुरतात. बाकीच्यांनी काय करायचं?"

शेठ गेल्यावर पिंकी उसळली. "भाडं शहराचं भरायचं, भाजी शहराच्या भावाने घ्यायची, आणि घाम तेवढा गावात गाळायचा?"

"गप गं," नवसाबाई म्हणाली. "मशीन आलं तर तुला कोण काढतंय? पयली कुऱ्हाड माझ्यावर पडंल."

नवसाबाई सगळ्यांत थोरली. मागच्या नाल्यापलीकडे, ग्रामपंचायतीच्या हद्दीत तिची झोपडी होती, त्यामुळे तिला भाडं नव्हतं. तिला मूलबाळही नव्हतं. दर मंगळवारी आईला शेंदूर लावायचा मान तिचा. पहिल्या हिवाळ्यात साबणाच्या पाण्याने उज्वलाच्या हातांना भेगा पडल्या, तेव्हा तिनेच आमसुलाचं तेल गरम करून बोटं चोळून दिली होती. तेव्हापासून ती उज्वलाची मावशी झाली होती, आणि खोक्याची गोष्ट उज्वलाने फक्त तिलाच सांगितली होती. आता मावशीला उलट बोलणं उज्वलाला जड गेलं. पिंकीचंही खरं होतं आणि मावशीचंही, हीच तर पंचाईत होती.

त्या दुपारी उन्हाने उबदार झालेल्या चादरींच्या ढिगाला टेकून उज्वलाचा डोळा लागला. चादरींच्या घरात कोणीतरी आलं. शेंदरी लुगडं नेसलेली बाई, पदराच्या टोकातून साबणाचा फेस ठिबकत होता. ती एकेक चादर बाजूला सारून पलीकडे पाहत होती. "माझं घर कुठं गं?" ती म्हणाली. "रोज शोधते, दार सापडत नाही." मग ती मागे, नाल्याच्या दिशेने गेली, आणि तिच्यामागे चादरी एकेक करून शांत झाल्या.

आईचं स्वप्न पडलं तर ते शेंदूर लावणारीला सांगायचं, पोटात ठेवायचं नाही, असा तिथल्या बायांचा रिवाज होता. उज्वलाने संध्याकाळी ते नवसाबाईला सांगितलं. नवसाबाईने हातातली बादली खाली ठेवली.

"फेस दिसला तुला?" तिने पुन्हा विचारलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आई पयली तिकडंच होती गं, नाल्याच्या काठाला. लॉन्ड्री नवी निघाली, अन् साबणाचं समदं पाणी तिच्या अंगावरून वाहायला लागलं. लय जिवाला लागायचं. मग आम्ही बायांनीच उचललं तिला. ओटी भरली, वाजतगाजत आणली, अन् लिंबाखाली कोरड्यात बसवली."

देवीला कोरडी जागा द्यायच्या नादात बायांनी आपली अख्खी लॉन्ड्री उचलून शहराबाहेर नेऊन ठेवली होती, आणि इतक्या वर्षांत कोणाच्या ध्यानीमनी आलं नव्हतं.

आता ते उज्वलाच्या ध्यानात आलं, तसं नवसाबाईच्याही. उज्वलाला तिचा राग आला, आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली. डोळ्यांपुढे साक्षीचं खोकं होतं आणि समोर मावशीचे सुरकुतलेले हात. "स्वप्नच ते मावशी," ती कशीबशी म्हणाली. "जाऊ दे."

पुढचे काही दिवस नवसाबाई खाली मान घालून चादरी पिळत राहिली.

मंगळवारी ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली. लिंबाखाली आईची ओटी भरली, आणि बायांना म्हणाली, "आईला घरी न्यायचंय. हात लावा."

धुकं अजून उठलं नव्हतं. चौघी बायांनी दगड उचलला, पिंकी पुढे स्टीलची थाळी वाजवत निघाली, आणि आई चादरींच्या गल्लीतून चालली. ओल्या चादरी तिच्या अंगाला लागत होत्या, शेंदराचे डाग पडत होते, पण कोणी हूं की चूं केलं नाही. आवाज ऐकून शेठ ऑफिसातून बाहेर आला. देवी दिसताच त्याने सवयीने चपला काढल्या, हात जोडले, एवढंच नाही, तर वाटेतली चादरीची दोरी स्वतःच्या हाताने वर धरून आईला जाऊ दिलं.

नाल्याकाठी जुना खड्डा होता. त्यात दगड असा बसला, जणू कधी उठलाच नव्हता. मग शेठने मागे वळून पाहिलं. शेड, बॉयलर, ऑफिस, फाटक, सगळं शहराच्या बाजूला. त्याचे जोडलेले हात तसेच राहिले.

"आईची मर्जी," तो म्हणाला. "शहराचा रेट देतो. पण मग मशीन आणावंच लागेल. सगळ्यांना ठेवणं जमायचं नाही." हे तो कोणाकडेही न बघता म्हणाला.

"म्हाईत हाय शेठ, पयली मीच जाते," नवसाबाई म्हणाली. दगड बसवता बसवता ती पलीकडच्या अंगाला गेली होती आणि नाल्यात हातांचा शेंदूर धूत होती. तिने मान वर करून उज्वलाकडे पाहिलं. "साक्षीचं खोकं रिकामं कर आता."

उज्वलाला रडू फुटलं. मावशीचा हात धरायला ती पुढे झाली, पण मध्ये आई बसली होती, आणि देवीला ओलांडून कोणी जात नाही. नवसाबाई पदराला हात पुसत आपल्या झोपडीची वाट चालू लागली.

त्या दिवशी उज्वलाने चादरींच्या घरात एक खोली जास्त काढली, मावशीची. फक्त तिचं दार कुठल्या बाजूला ठेवावं, हे तिला संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही.