जिवंत असशील तर

सेनोबियाचं बाळ दोन महिने आधी आलं, नोव्हेंबरातल्या एका सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. वायलिरी या डोंगरातल्या गावी, मिशनच्या दवाखान्यात नन म्हणून माझं ते एकोणिसावं वर्ष होतं. मुलगी होती. श्वास नव्हता, पण स्टेथोस्कोपखाली ठोके लागत होते, मिनिटाला चाळीसेक.

खाटेशेजारी पाण्याचं भांडं होतं. मीच ठेवलेलं. बाळ दगावतंय असं वाटलं तर फादरची वाट न पाहता कुणीही त्याचा बाप्तिस्मा करू शकतं, हे गावातल्या बायकांना मीच शिकवलं होतं. म्हातारी सुईण मेल्चोरा हिने ते भांडं माझ्यापुढे धरलं.

"पोरी, पाणी घाल आधी. श्वास मागनं."

"आधी श्वास," मी म्हणाले.

मी माझ्या देशात, गेंटला, शरीरशास्त्र शिकले होते. चाळीस ठोके म्हणजे अजून काही करता येतं. मी तिच्या तोंडात हवा भरत राहिले, दोन बोटांनी छाती दाबत राहिले. एकदा ठोके साठावर गेले, मग उतरत गेले आणि सहा चोवीसला थांबले. त्यानंतरही मी सहा मिनिटं सोडलं नाही. पाणी भांड्यात तसंच राहिलं.

"पाणी पडलं ना, मदर?" सेनोबियाने विचारलं.

मी नाही म्हणाले.

अंगणात मेल्चोराने मला गाठलं. "फादरला सांग, पडलं. देवाला मी समजावते, आमची जुनी ओळख आहे."

मी वहीत दोन्ही वेळा खऱ्या लिहिल्या, आणि पाणी पडलं नाही हेही. फादर अन्सेल्मोंनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, त्यांना फार वाईट वाटतंय, पण दफनभूमीत जागा देता येणार नाही. त्या काळी शिकवण तशीच होती. दर रविवारी मीही तेच शिकवत असे, की अशा बाळांना यातना नसतात, मात्र त्यांना देवाचं दर्शन होत नाही. एका रविवारी सेनोबियाने विचारलं होतं, निदान आईला तरी ती दिसतील का? पुस्तकात तसं काही नाही, असं मी उत्तर दिलं होतं.

तिने बाळाला सलाईनच्या बाटल्यांच्या खोक्यात ठेवलं आणि टेकडीच्या उतारावर एकटीने पुरलं. नवरा खाणीत होता. त्याला निरोप पोचायला आठवडा लागला.

फेब्रुवारीत बटाटा फुलावर असताना तीन दिवस गारा पडल्या. बटाट्यावर गारा पडल्या की वायलिरीत आधी शोध होतो, पाण्याविना पुरलेलं मूल कुठे आहे याचा. या वेळी शोधायची गरज नव्हती. गावचा मुखिया तिबुर्सियो टोपी हातात घेऊन सेनोबियाच्या दाराशी उभा राहिला. कुणी तिला वाईट बोललं नाही. मूल बाहेर काढायचं, नाव ठेवायचं, पाणी घालायचं आणि दफनभूमीत इतर लेकरांशेजारी पुरायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. फादर ओरुरो शहराला गेले होते, म्हणून ते माझ्याकडे आले.

गारा कशा तयार होतात हे मी त्यांना अनेकदा समजावलं होतं. मृतांना बाप्तिस्मा नसतो, हेही मला ठाऊक होतं. तरी मी गेले. मुलीला जागा मिळणार होती.

खोकं ओलीने मऊ झालं होतं. सेनोबियाने ते स्वतःच उघडलं, कुणाला हात लावू दिला नाही. नाव सांगितलं, रुफिना. मी भांडं उचललं आणि लॅटिनमध्ये सुरुवात केली. माणूस जिवंत आहे की नाही अशी शंका असली की चर्च आधी एक अट घालायला सांगतं. मला शंका नव्हती. पण ती अट गाळली असती तर मी देवाच्या नावाने खोटं बोलले असते, असं मला वाटलं.

सेनोबियाने माझं मनगट धरलं. "हे पहिलं तुम्ही बाकीच्या पोरांना म्हणत नाही. काय आहे ते?"

मी सांगितलं. "जिवंत असशील तर."

तिने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढला नाही.

"चौदा मिनिटं जिवंत होती ती, मदर. तेव्हा तुम्हाला एक शब्द सुचला नाही. आता तीन जास्तीचे सुचले."

तिने भांडं माझ्या हातातून काढून घेतलं आणि पाणी घातलं. रुफिना, मी तुझा बाप्तिस्मा करते, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मी शिकवलं होतं तसंच, एकही चूक नाही. पुरुषांनी टोप्या काढल्या.

त्याच दुपारी रुफिनाला दफनभूमीत, भिंतीच्या कडेला जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गारा पडल्या. फादर परतल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कबरीला हात लावला नाही, आणि वहीत काही लिहिलंही नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये, तिथल्या ऐन हिवाळ्यात, सेनोबियाचे दिवस भरले. एका सकाळी, गवतावर दंव गोठलेलं असताना, मेल्चोरा माझ्या खिडकीसमोरून सेनोबियाच्या घराकडे गेली. तिच्या हातात पाण्याचं भांडं होतं. मी चूल पेटवली, फडकी गरम केली, स्टेथोस्कोप गळ्यात घातला आणि दुपारपर्यंत दाराशी बसून राहिले. बोलवायला कुणी आलं नाही.