धुराजवळची खुर्ची

मावशींनी पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली, चष्मा पुसला आणि व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. धुराचं मशीन जागेवर नव्हतं. ज्या लोखंडी स्टुलावर ते असायचं, तिथे आज प्लास्टिकच्या फुलांची कुंडी होती.

चर्चच्या दारात लोकांचं स्वागत करणाऱ्या बाई पत्रकं वाटत पुढे आल्या, तेव्हा मावशींनी त्यांना थांबवलं.

"अहो, ते धुराचं कुठे गेलं?"

"काढून टाकलं, मावशी. दम्याच्या लोकांची तक्रार होती. तुम्ही तर अगदी त्याच्या तोंडाशी बसता. सुटलात ना एकदाच्या?"

"सुटले," मावशी म्हणाल्या, पण त्यांना मुळीच सुटल्यासारखं वाटलं नाही.

त्याचं कारण त्या कुणाला सांगू शकत नव्हत्या. नवरा गेल्यावर कितीतरी रविवार त्या चर्चमध्ये यायच्या, बसायच्या आणि उठून जायच्या. त्यांना कुणी वाकडं बोललं नाही, कारण मुळात कुणी बोललंच नाही. चर्चचं रूपही तोवर पालटलं होतं. लाकडी बाकं जाऊन गुबगुबीत खुर्च्या आल्या, ऑर्गनच्या जागी ड्रम आले, खिडक्यांना काळे पडदे लागले आणि पाळकसाहेब झगा सोडून जीन्समध्ये उभे राहू लागले. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा असतात ना, थेट तसा थाट. वेदीमागे भिंतभर पडदा. त्यावर कधी गाणाऱ्यांचे चेहरे, कधी ऐकणाऱ्यांचे. कॅमेऱ्यासाठी पाळकसाहेबांनी मुद्दाम अशाच स्पर्धांमध्ये काम केलेला एक पन्नाशीचा माणूस आणला होता. त्याला सगळे व्हिडिओवाले म्हणत. मावशींचा या सगळ्याला विरोध होता असं नाही. विरोध करायलाही आधी कुणी विचारावं लागतं.

मग एका रविवारी त्यांना उशीर झाला आणि मिळाली ती खुर्ची नेमकी धुराजवळची. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. शेवटचं गाणं रंगात आलं, मशीनने फुस्स करून धूर सोडला आणि मावशींच्या डोळ्यांना धार लागली. रुमाल घरी राहिलेला. त्या तशाच बसून राहिल्या आणि मान वर करून पाहतात तर पडद्यावर त्या स्वतः! भिंतीएवढा चेहरा, गालांवरून ओघळणारं पाणी, मागे निळा उजेड. इतक्या छान आपण लग्नातही दिसलो नव्हतो, असं त्यांना वाटून गेलं.

उपासना संपताच लोकांनी त्यांना गराडा घातला. कुणी मिठी मारली, कुणी हात हातात घेतले.

"देवाने स्पर्श केला तुम्हाला," डोक्यावर हात ठेवून पाळकसाहेब म्हणाले.

अहो, धूर गेला डोळ्यांत, असं मावशी सांगणारच होत्या. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "घरी कशा जाणार? चला, आम्ही सोडतो." मावशींनी उघडलेलं तोंड मिटलं.

तेव्हापासून ती खुर्ची त्यांची झाली. दर रविवारी धूर, दर रविवारी पाणी आणि दर रविवारी कुणाच्या तरी गाडीत गुडघ्यांची चौकशी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी धुरापासून लांब राहा म्हणून बजावलं, तर मावशींनी डॉक्टर बदलला. आपण खोटं बोलतो असं त्यांनी कधी मानलं नाही. त्या काही बोलल्याच कुठे होत्या?

आता मात्र दिवे मंदावले, ड्रम सुरू झाले आणि मावशींचे डोळे ठणठणीत कोरडे होते. त्यांनी पापणी न लवू देता व्यासपीठावरच्या दिव्यांकडे पाहिलं. हातावर चिमटा काढला. नवऱ्याचं शेवटचं आजारपण आठवून पाहिलं, तर त्याने नर्सला सांगितलेला विनोद आठवला आणि भलतंच हसू यायला लागलं. आज घरी एकटीनेच जायचं, आणि पुढच्या रविवारीही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

शेवटचं गाणं आलं. मधल्या वाटेने व्हिडिओवाले पुढे सरकले आणि कॅमेरा नेहमीसारखा मावशींवर येऊन थांबला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. अर्ध्या भिंतीवर त्यांचा कोरडा चेहरा होता आणि उरलेल्या अर्ध्या भिंतीवर शेजारची खुर्ची, तिच्यावर पर्स. इतके दिवस धुरात ती खुर्ची कधी दिसलीच नव्हती.

तेवढ्यात गाणाऱ्या मुलीने हात वर केला. वाद्यं थांबली.

"आता फक्त तुमचे आवाज," ती म्हणाली.

लोक गाऊ लागले. साधे, उघडे आवाज. मावशींचा नवरा फार मोठ्याने गायचा आणि एकदाही सुरात गायला नाही. उभ्या संसारात दर रविवारी मावशींनी त्याला कोपराने ढोसलं आणि दर रविवारी त्याने आवाज आणखी चढवला. आता अंधारात कुठून तरी एक पुरुषी आवाज असाच भरकटला आणि मावशींचं कोपर आपसूक बाजूला गेलं. तिथे कुणीच नव्हतं. पडद्यावरही एक भलंमोठं कोपर रिकाम्या खुर्चीकडे गेलं आणि परत आलं.

मग मावशी रडल्या. हे रडणं निराळंच होतं. तोंड वेडंवाकडं झालं, नाक वाहायला लागलं, घशातून आवाज निघाला तो त्यांचा त्यांनाही ओळखू येईना. त्यांना नवरा हवा होता, बाकी काही नको होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी वर पाहिलं, तेव्हा वाद्यं पुन्हा सुरू झाली होती आणि पडद्यावर गिटार वाजवणाऱ्याची बोटं होती.

उपासना संपली. गर्दी पलीकडच्या रांगेतल्या एका तरुण जोडप्याभोवती जमली. गिटारनंतर पडद्यावर ती दोघं आली होती. स्वागताच्या बाईंनी जाता जाता वाकून विचारलं, "बरं वाटत नाही का, मावशी? पाणी आणू?" त्यांनी पाणी आणून दिलं आणि त्याही तिकडे गेल्या. हळूहळू चर्च रिकामं झालं.

मावशी बसूनच होत्या. व्हिडिओवाले वायर गुंडाळत त्यांच्यापर्यंत आले.

"पाय जरा उचलता का?"

मावशींनी पाय उचलले. मग म्हणाल्या, "आज मला दाखवलं नाहीत."

"दाखवलं की."

"मग काढून घेतलंत. मी रडत होते तेव्हाच."

व्हिडिओवाल्यांनी वायरचा आणखी एक वेढा कोपरावर घेतला.

"टीव्हीवर माझं कामच ते होतं. गर्दीत कोण रडतंय ते हुडकायचं. धुराने आलेलं पाणी मला लांबून कळतं, मावशी."

मावशींचे कान तापले.

"म्हणजे पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"पहिल्या रविवारपासून. मलाही झोंबायचा तो."

"आणि कुणाजवळ बोलला नाहीत?"

"कशाला बोलायचं? ते दाखवण्यात कुणाचं काही जात नव्हतं." त्यांनी वायर खाली ठेवली. "आजचं तसं नव्हतं. आजचं तुमचं होतं."

मावशींनी पदराने चष्मा पुसला. मग शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"बसा जरा."

ते बसले. व्यासपीठावरचे दिवे कुणीतरी एकेक करून मालवत होतं.

"मघाशी सूर कुणाचा चुकत होता हो?" मावशींनी विचारलं.

व्हिडिओवाले ओशाळले.

"माझाच. कॅमेऱ्यामागच्या माणसाचं कुणाला ऐकू जात नाही, असं वाटतं मला."

"जातं," मावशी म्हणाल्या.