उजवी करून दिलेली गिटार

बाळंतपणाला धुळ्याला माहेरी गेले, तेव्हा जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरातून दोन काळज्या सोबत नेल्या होत्या. गॅसचं बटण आणि माझी बेस गिटार. बटणाचं फोनवर विचारून घ्यायचे. गिटार मात्र हितेंद्र स्वतःहून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दाखवायचे. खिळ्याला टांगलेली काळी पिशवी. "ही बघ माझी सवत," म्हणायचे. मुलीला पाजता पाजता मी पिशवीकडे बघून घ्यायचे, मगच डोळा लागायचा.

ती गिटार माझ्या वडिलांनी केलेली. नाना धुळ्यात घरापुढच्या ओसरीतच सुतारकाम करतात, दारं, पलंग, देव्हारे. गिरधर मिस्तरी म्हणून सगळे ओळखतात. मी डावखुरी, आणि कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात मला बेस वाजवायचा होता. दुकानात होत्या त्या सगळ्या उजव्या हाताच्या. नानांनी त्यातल्या एकीची आकृती कागदावर उतरवून घेतली, कागद उलटा केला आणि सागवानातून माझ्यासाठी डावी गिटार कोरली. दोन उन्हाळे लागले.

पाच महिन्यांनी भाविकाला घेऊन जळगावला परतले. ती झोपल्यावर पिशवीची चेन उघडली. आत चकचकीत काळी, कंपनीची गिटार होती. उजव्या हाताची.

"अदलाबदल केली," हितेंद्र चहा गाळत म्हणाले. "धुळ्याच्या हिलालभाऊंशी. लग्नातला बँड आहे त्यांचा. मित्राच्या हळदीत भेटले, तुझ्या गिटारचा फोटो दाखवला तर मागेच लागले. घरची वस्तू देऊन कंपनीची आली. तोटा कुठे आहे?"

"मी डावखुरी आहे."

"तू आता वाजवणार आहेस का, मयुरी? खरं सांग."

"नवरात्रात वाजवणार होते. रूपाच्या गरबा ग्रुपला शब्द दिलाय."

"मग उजव्यानं शीक. लोक काय काय शिकतात."

"आणि रोज पिशवी दाखवत होतात ती?"

"बाळंतिणीला टेन्शन नको म्हणून."

एवढं बोलून त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. साखर बरोबर माझ्या मापाची.

हिलालभाऊंचा बँड मोबाइलवर लगेच सापडला. गाडीवर उभा राहून एक चष्मेवाला माणूस माझी गिटार वाजवत होता, उजव्या हातानं. पूर्वी वर असलेलं, आता उलटून खाली आलेलं शिंगासारखं टोक कापलेलं. आवाजाच्या बटणांची जुनी भोकं सागवानाच्या बुचांनी बुजवलेली. मी व्हिडिओ थांबवून मोठा केला. बुचाच्या रेषा लाकडाच्या रेषांशी इतक्या जुळवलेल्या, की दोनदा पाहिल्याशिवाय कळू नये. असं बूच बसवणारा माणूस मला एकच माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडली. कडेवर भाविका, पाठीवर ती काळी गिटार. बसमध्ये सारखा भाविकाच्या नाकाशी हात नेऊन श्वास बघत होते. तिला काही झालेलं नव्हतं.

नाना ओसरीत फळीवर रंधा मारत होते. नातीला बघून हसले. मग पिशवी बघितली.

"नाना, हिलालभाऊंची गिटार तुम्ही उजवी करून दिलीत?"

रंधा थांबला. "जवाईबापूसनी सांगं व्हतं, मयुरीनीच मर्जी शे."

"कधी?"

"तुना सव्वा महिना चालू व्हता."

आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना ओसरीत येत नाही. आतल्या खोलीत आई शेगडीवर ओवा-बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची, माझ्या कानांना फडकं बांधलेलं असायचं, आणि बाहेर करवत चालायची. एकदा मी आईला म्हणाले होते, नानांना सांग, लेकरू दचकतं. आई सांगून आली. आवाज जरा वेळ थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"मध्ये एक दार होतं, नाना. विचारायचं होतं."

"बाळंतिणीले काय इचारनं?" ते फळीवरचा भुसा झटकत राहिले. झटकण्यासारखं फार नव्हतंच. मग हळूच म्हणाले, "मले वाटनं, आते लेकरू शे. आते कसाले..."

म्हणजे मर्जी माझी नाही, हे त्यांनाही कळलं होतं.

"ती परत डावी होईल?"

"कापेल लाकूड शे, बेटा."

मी पिशवी उघडली आणि काळी गिटार त्यांच्यापुढे फळीवर आडवी ठेवली. "मग ही डावी करून द्या. नवरात्राच्या आत."

"कंपनीनी शे. बिघडी जाई."

"बिघडू द्या. तीही बिघडवलीच ना?"

नाना गिटारवर वाकले. बोटानं तिची कड चाचपली, शिंग कुठून कापावं लागेल ते त्यांच्या हाताला समजलं असावं. मग हात लेंग्याला पुसले आणि खिशातून मोबाइल काढला.

"एकदाव जवाईबापूले इचारी लेस."

आई दारात आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, भाविकाला घेऊ का म्हणून हात पुढे केले. मी दिली नाही. नाना डोळे बारीक करून नंबर शोधत होते. मी भाविकाला उजव्या खांद्यावर घेतलं, फळीवरचा खडू डाव्या हातात उचलला आणि काळ्या पॉलिशवर कापायची रेघ मारायला लागले.

फोनची रिंग वाजत होती.